डायटम माती : उपयोग पंचवीस, पथ्यं पाच

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षात २६ जानेवारीला झेंडावंदन आणि सत्यनारायणाच्या पूजेनंतर स्टिल्टमध्ये झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आधीच सांगतो, मी वक्ता नाही. ३१ वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका औषधाच्या कारखान्यात प्रॉडक्शन केमिस्ट म्हणून काढली. तिथे भाषण करायची वेळ फक्त बॅच फेल गेल्यावर यायची, आणि ऐकणारे एकटे साहेब असायचे. त्यामुळे आज एवढी मंडळी समोर बघून जरा दडपण आलंय.

विषय कसा ठरला ते सांगतो. डिसेंबरात महिला मंडळाच्या ग्रुपवर एक यादी फिरत होती, 'एका पावडरीचे पंचवीस उपयोग'. झुरळं घालवा, ढेकूण घालवा, धान्य टिकवा, पाणी गाळा, भांडी घासा, दात घासा, इथपासून ते वजन घटवा, केस वाढवा, पोटातले जंत पाडा, इथपर्यंत. बी विंगमधल्या वहिनींनी मला जिन्यात गाठलं. म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही केमिकलवाले. हे खरं का हो?" मी म्हटलं, "अर्धं खरं आहे, वहिनी." त्या म्हणाल्या, "मग कुठलं अर्धं, ते सव्वीस जानेवारीला सगळ्यांना सांगा." वहिनींनी मागणी मोठी रास्त केली. कारण अर्धं उत्तर देऊन निघून जायची माझी सवय जुनी आहे, आणि ती एकदा फार महागात पडली होती. त्याबद्दल पुढे बोलणारच आहे.

ही काचेची बाटली पुढच्या रांगेपासून फिरवतोय. हातात घेऊन बघा. झाकण मात्र उघडू नका, का ते नंतर कळेल. बाटली भरलेली आहे, तरी किती हलकी लागते बघा. एवढ्याच बाटलीत रांगोळी भरली असती तर हात खाली गेला असता. या पावडरीचं नाव डायटोमेशियस अर्थ. आपण डायटम माती म्हणू.

डायटम म्हणजे काय? आपल्या गच्चीवर जाऊन पूर्वेकडे तोंड केलं की मिठागरं दिसतात आणि त्यापलीकडे ठाण्याची खाडी. ओहोटीच्या वेळी खाडीच्या चिखलावर तपकिरी, सायीसारखा थर दिसतो. त्यात असंख्य डायटम असतात. ही एकपेशीय शेवाळं. एकेक डायटम मिलिमीटरच्या शंभराव्या ते दहाव्या भागाएवढा. डोळ्यांना दिसत नाही, पण सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर सोनाराने जाळीकाम करावं तसं नक्षीदार. या जिवाचं वैशिष्ट्य असं की तो पाण्यातली सिलिका, म्हणजे ज्यापासून काच होते तो पदार्थ, शोषून स्वतःभोवती डबी तयार करतो. डबीला खालचा भाग आणि वर बसणारं झाकण. आपल्या कुंकवाच्या करंड्यासारखी. आणि त्या डबीला सगळीकडून बारीक भोकं.

आपल्याकडे हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात. आपण मुलांना घेऊन बघायला जातो. त्यातले लहान रोहित पक्षी खाडीतलं जे सूक्ष्म शेवाळ गाळून खातात, त्यात हे डायटमही असतात. २०१५ साली खाडीचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ साली ठाणे खाडी रामसर यादीत गेली. एवढे मोठे पक्षी दुरून येतात ते डोळ्यांना न दिसणाऱ्या अन्नासाठी. आणखी एक हिशेब सांगतो. जगातल्या हिरव्या जिवांनी तयार केलेल्या प्राणवायूपैकी साधारण पाचवा हिस्सा या डायटमांचा मानतात. म्हणजे पाच श्वासांतला एक त्यांच्या खात्यावर.

डायटम मेला की आतला जीव कुजून जातो, डबी उरते. ती तळाशी बसते. लाखो वर्षं अशा डब्यांचे थर साचले, समुद्र आणि तळी हटली, आणि खडूसारखा मऊ, हलका खडक उरला. तो खणून दळला की झाली ही पावडर. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या लोम्पोकला याच्या प्रचंड खाणी आहेत. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडात ती शोधायला जाऊ नका, तो लाव्हारसाचा आहे. तर हातातल्या बाटलीत आहेत रिकाम्या डब्या. घनफळाने बघितलं तर त्यात मातीपेक्षा पोकळीच जास्त. या पावडरीचे जेवढे म्हणून खरे उपयोग आहेत, ते सगळे या पोकळीतून आलेत. ती गाळते, शोषते आणि उष्णता अडवते. एवढं लक्षात ठेवलं तर यादीतलं खरं-खोटं तुम्हाला स्वतःलाच ओळखता येईल.

माझी आणि हिची ओळख झाली कारखान्यात. तिथे तिला कुणी डायटम माती म्हणत नाही. 'हायफ्लो' म्हणतात. ते खरं तर एका ब्रँडचं नाव, पण वनस्पती तुपाला जसं आपण सगळे डालडा म्हणायचो तसंच हे. औषधाच्या द्रावणाचा रंग काढायला त्यात काळा कार्बन टाकतात. कार्बन रंग ओढून घेतो, पण मग तो स्वतः काढायचा कसा? इतका बारीक की कापडातून आरपार जातो, नाहीतर कापडाची भोकं बुजवून बसतो. भगिनींना लगेच कळेल. चक्का बांधताना फडकं जुनं, गच्च झालेलं असलं की पाणी निथळतच नाही, तसं. म्हणून आधी कापडावर हायफ्लोचा बोटभर थर बसवायचा. त्याला 'बेड' म्हणतात. त्याच्या लाखो भोकांमधून द्रावण वाट काढत खाली येतं, कार्बन वर अडकतो.

नोकरीच्या पहिल्या वर्षी रात्रपाळीला मी घाईत बेड नीट बसू दिला नाही. पहाटे तीन वाजता ऑपरेटर मामा आले, "साहेब, बेड फुटला." खाली बघतो तर पाण्यासारखं नितळ यायचं ते शाईसारखं काळं. सगळी बॅच पुन्हा गाळायला सकाळचे आठ वाजले. मामा एवढंच म्हणाले, "थर बसायला वेळ देत जा, साहेब." ते मामा केव्हाच निवृत्त झाले, पण बेड बसवताना दर वेळी त्यांचं वाक्य आठवायचं.

तुम्ही आजवर घेतलेल्या कितीतरी औषधांच्या प्रवासात कुठे ना कुठे हा बेड येऊन गेलाय. खाद्यतेल, फळांचे रस, रिफाइंड साखर, बिअर (बिअरवर हसणारे कोण ते मला दिसतंय), जिलेटिन, पोहण्याच्या तलावाचं पाणी, सगळीकडे गाळायला ही पावडर वापरतात. जगात खपणाऱ्या डायटम मातीचा मोठा वाटा या गाळण्याच्या कामातच जातो.

ज्येष्ठांना स्टीलचा फिल्टर आठवत असेल. ओट्याच्या कोपऱ्यात वरचं भांडं, खालचं भांडं, आत दोन पांढऱ्या कँडल, आणि दर रविवारी त्या ब्रशने घासायचं काम घरातल्या धाकट्याकडे. जर्मनीत विल्हेल्म बर्केफेल्ड यांनी १८९१ साली जी फिल्टर-कँडल काढली, ती याच मातीची होती. पुढच्याच वर्षी हॅम्बुर्गला कॉलऱ्याची भयंकर साथ आली, साडेआठ हजारांवर माणसं दगावली, आणि या कँडलींचं नाव तेव्हा सर्वदूर झालं. आजही काही चांगल्या कँडल डायटम मातीच्या असतात. पण लक्षात घ्या, कँडल भाजलेली, घट्ट, ठरावीक भोकांची असते. सुटी पावडर पाण्यात ढवळली म्हणून पाणी शुद्ध होत नाही. यादीतला हा एक उपयोग आपण इथेच खोडून टाकू.

आता शोषणं. आल्फ्रेड नोबेल यांचं नाव सगळ्यांना पारितोषिकामुळे माहीत. त्यांच्या कारखान्यात नायट्रोग्लिसरीन हा स्फोटक द्रव बनायचा. जरा धक्का लागला की फुटायचा. १८६४ साली स्टॉकहोममध्ये अशाच स्फोटात त्यांचा धाकटा भाऊ एमिल आणि इतर काही माणसं गेली. नंतर नोबेल यांनी तो द्रव या मातीत मुरवून बघितला. तीन भाग द्रव, एक भाग माती. कणकेसारखा गोळा झाला, हाताळता येऊ लागला. १८६७ साली त्याचं पेटंट घेतलं, तेच डायनामाइट. आपण मध्य रेल्वेवाले, म्हणून एक गोष्ट सांगतो. बोरघाटाची लाइन १८६३ साली सुरू झाली. म्हणजे खंडाळ्याचे ते पहिले बोगदे खोदले गेले तेव्हा डायनामाइट जगात नव्हतंच. साध्या सुरुंगाच्या दारूवर तो काळा पाषाण फोडला. पुढच्या वेळी पुण्याला जाताना त्या मजुरांची आठवण काढा.

बाकीचे उपयोग भराभर सांगतो. भट्ट्यांच्या आणि बॉयलरच्या भोवती लावायच्या हलक्या विटा, रंगाची चकाकी कमी करायला, धातूच्या पॉलिशमध्ये, सांडलेलं तेल किंवा ॲसिड टिपायला, मांजराच्या शौचपेटीत, आणि हल्ली आंघोळीनंतर पाय ठेवायला मिळते ती दगडी पट्टी, ओले पाय ठेवले की क्षणात कोरडी होणारी. हे सगळं खरं. पोलीस तपासातही डायटम येतात. खाडीत मृतदेह सापडल्याच्या बातमीत 'डायटम चाचणी' हे शब्द तुम्ही वाचले असतील. माणूस जिवंतपणी बुडाला असेल तर श्वासाबरोबर गेलेलं पाणी फुप्फुसातून रक्तात आणि तिथून हाडांच्या मगजापर्यंत डायटम नेऊ शकतं. मेल्यावर पाण्यात टाकलं असेल तर रक्त फिरत नाही, म्हणून ते सहसा तिथवर पोचत नाहीत. एकट्या या चाचणीवर निकाल लागत नाही, पण ती पुराव्याला जोड देते.

आता घराकडे येऊ. सगळ्यांना खरं तर झुरळांबद्दलच ऐकायचंय.

माझी आजी रोह्याकडची. तिकडचे वाल प्रसिद्ध. वर्षाचे वाल भरताना आजी त्यांना राख चोळायची. भाताच्या तुसाची राख. वालात टोके पडायचे नाहीत. मी विचारलं की म्हणायची, "राखेत किडा राहत नाही." कारण तिला माहीत नव्हतं आणि मलाही ते रसायनशास्त्र शिकून कितीतरी वर्षांनी कळलं. भाताच्या तुसाची राख बहुतांशी सिलिकाच असते. भातही पाण्यातली सिलिका शोषून आपल्या टरफलात साठवतो, डायटमासारखाच. तीच राख राखुंडी म्हणून दाताला, तीच भांड्यांना. आणि २००९ साली 'टाटा स्वच्छ' नावाचा पाण्याचा फिल्टर आला, त्यातही तुसाची राखच वापरली होती. म्हणजे यादीतल्या पंचवीसपैकी चार-पाच उपयोग आजीच्या चुलीपाशीच होते.

किडा का राहत नाही, ते असं. झुरळ, मुंगी, ढेकूण, सोंडकिडा, सगळ्यांच्या अंगावर मेणाचा अगदी पातळ थर असतो. एवढ्याशा जिवातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून निसर्गाने दिलेला रेनकोटच, फक्त उलट्या कामाचा. किडा या पावडरीवरून चालला की ती अंगाला चिकटते, मेण शोषून घेते, थोडे ओरखडेही काढते. मग त्याच्या अंगातलं पाणी उडत जातं. म्हणजे तो विषाने मरत नाही, कोरडा पडून मरतो. हे व्हायला काही दिवस लागतात, कधी दोन आठवडे. अमेरिकेत कीटकनाशक म्हणून याची नोंदणी १९६० सालीच झाली आहे. विषारी फवाऱ्याला झुरळं पिढ्यान्‌पिढ्या सरावतात, तसं याला सरावणं त्यांना अवघड जातं. हा याचा सगळ्यात मोठा गुण.

आता ती गोष्ट. दोन्ही घरांना विचारूनच सांगतोय.

२०१० चा हिवाळा. सी विंगमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या जोडप्याकडे ढेकूण झाले. कुठूनतरी जुना सोफा घेतला होता, त्यातून आले. बिचाऱ्यांनी लाजेने कुणाला सांगितलं नाही. आपल्याकडे ढेकूण झाले म्हणजे घर अस्वच्छ, असं मानतात ना. ते खरं नाही. ढेकणाला माणसाचं रक्त लागतं, घर कितीही लखलखीत असू दे. तर एका सकाळी लिफ्टमध्ये तो मुलगा मला म्हणाला, "काका, गव्हाच्या गोदामात टाकतात त्या गोळ्या ढेकणांना चालतात म्हणे. एकाने आणून दिल्यात. बरोबर आहे ना?" लिफ्ट खाली आली होती, कंपनीची बस नाक्यावर थांबली होती. मी म्हटलं, "मारतात त्या, पण जपून रे बाबा. दारं-खिडक्या बंद कर आणि तुम्ही घरात थांबू नका." आणि पळालो.

ते उत्तर गोदामाचं होतं. सभोवती मोकळी जागा असलेल्या, बंद केलेल्या गोदामाचं. फ्लॅटला वर-खाली-शेजारी माणसं असतात, हे मी त्या दहा सेकंदांत ध्यानातच घेतलं नाही. त्या गोळ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या. हवेतला ओलावा लागला की त्यातून फॉस्फीन वायू सुटतो. घरगुती वापरासाठी त्या नाहीतच. प्रशिक्षित माणसांच्या देखरेखीखालीच त्या वापरायच्या असतात. त्या वायूवर ठरावीक उतारा नाही. त्या मुलाने माझं ऐकलं. दारं-खिडक्या घट्ट लावल्या, गोळ्या ठेवल्या आणि दोघं गावी गेली. वायूने बाथरूमच्या डक्टची वाट धरली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कामावरून आलो तर खाली घोळका. चौथ्या मजल्यावरच्या चार वर्षांच्या मुलीला रात्रीपासून उलट्या, श्वास लागलेला. बाहेरचं खाणं बाधलं म्हणून जवळच्या दवाखान्यात सलाइन लावलं होतं. तिची आजी सहज म्हणाली, "कालपासून मोरीत लसणासारखा वास येतोय हो, आम्ही तर फोडणीही दिली नाही." माझ्या पायाखालची जमीन सरकली. दवाखान्यात धावलो, डॉक्टरांना गॅसचं नाव सांगितलं. त्यांनी तिला लगेच मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. इकडे अग्निशमन दलाला बोलावलं, सगळी विंग खाली केली. थंडीत रात्रभर आपण सगळे इथे, याच स्टिल्टमध्ये बसलो होतो. ए विंगमधल्या काकूंनी तीन वेळा चहा केला होता.

मुलगी पाच दिवस अतिदक्षता विभागात होती. वाचली. मघाशी माझी ओळख करून दिली ती तिनेच. आणि तिसऱ्या मजल्यावरचा तो मुलगा आज आपल्या कमिटीत आहे.

त्याला पुष्कळ लोक बोलले तेव्हा. मला कुणीच बोललं नाही, उलट मी वास ओळखला म्हणून माझं कौतुक झालं. त्या मुलाने कधी कुणाला सांगितलं नाही की त्याने आधी मला विचारलं होतं. आज मी सांगतो. त्याने जाणत्या माणसाला विचारलं होतं. चूक त्याची नव्हती. उत्तर द्यायला मला पाच मिनिटं हवी होती आणि माझी बस सुटत होती. (टाळ्या नकोत, कृपया.)

नंतर त्या घराचे ढेकूण आम्ही दोघांनी मिळून काढले. दिवाण खोलला, चादरी-अभ्रे कडक पाण्यात, गादीच्या शिवणींना वाफ, गादीला चेनचं बंद कव्हर, आणि भिंतीच्या फटींत, दिवाणाच्या सांध्यांत ही डायटम माती. दोन महिने लागले. प्रामाणिकपणे सांगतो, ढेकणांवर एकट्या या मातीचा निकाल मध्यमच असतो. वाफ आणि धुणं यांनी निम्म्याहून जास्त काम केलं. पण त्या दोन महिन्यांत वरच्या मजल्याला कसलीच भीती नव्हती.

म्हणून आता पाच पथ्यं सांगतो. लिहून घेतलीत तर बरं.

पहिलं पथ्य, माती कुठली ते बघा. हे सर्वांत महत्त्वाचं. माझ्या कारखान्यातला हायफ्लो घरात अजिबात वापरायचा नाही. गाळण्यासाठीची माती भट्टीत कडक भाजतात. त्यात सिलिकाचे स्फटिक तयार होतात, आणि असली स्फटिकी सिलिका सतत श्वासावाटे गेली तर फुप्फुसं निकामी करते, कर्करोगही होऊ शकतो. पोहण्याच्या तलावाच्या फिल्टरची माती तीच. शिवाय ती किड्यांवर चालतही नाही. घरासाठी न भाजलेली, नैसर्गिक माती लागते, आणि पाकिटावर किड्यांसाठीचा वापर छापलेला हवा. पांढरीशुभ्र म्हणजे शुद्ध, असं मानू नका. भाजलेली माती बऱ्याचदा जास्त पांढरी असते.

दुसरं पथ्य, कोरडेपणा. ओली झाली की ही माती किड्याचं मेण शोषत नाही. हवेत दमटपणा ८० टक्क्यांच्या वर गेला की तिचा जोर ओसरतो. आपल्या मुंबईत जून ते सप्टेंबर तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. दिवाळीनंतर ते मेपर्यंत तिचा हंगाम. सिंकखाली गळती असेल तर आधी प्लंबर बोलवा. गळती थांबली की निम्मी झुरळं तशीच जातात.

तिसरं पथ्य, थर पातळ आणि जागा आडोशाची. बोटाने पुसली तर जेमतेम दिसेल एवढीच. ढीग घातला तर झुरळ वळसा घालून जातं, ते आपल्याहून हुशार आहे. फ्रिजच्या मागे, गॅस सिलेंडरच्या कपाटाच्या कोपऱ्यात, ट्रॉल्यांच्या मागच्या फटीत, स्विचबोर्डाच्या बाहेरच्या कडेला (आत नाही), दाराच्या चौकटीच्या फटीत. ओट्यावर नाही, जिथे मुलं रांगतात तिथे नाही, पंख्याखाली नाही. तुळशीत आणि गच्चीवरच्या फुलझाडांवरही उधळू नका, मधमाशीच्या अंगावरही तोच मेणाचा थर असतो.

चौथं पथ्य, श्वास जपा. नैसर्गिक मातीही बारीक धूळच आहे. नाक-घसा कोरडा पडतो, डोळे चुरचुरतात. टाकताना मास्क लावा. कोविडनंतर प्रत्येकाच्या घरात पडून आहेतच. दम्याचा त्रास असलेल्यांनी त्या वेळी खोलीबाहेर थांबा. झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसा. बाटलीचं झाकण उघडू नका म्हटलं ते यासाठी.

पाचवं पथ्य, ही खायची नाही. वजन, केस, जंत, 'शरीरशुद्धी' यांचा भरवशाचा पुरावा नाही. पोटात पडलं की सगळं ओलंच, आणि ओल्यात ही माती काम करत नाही हे आपण आत्ताच बघितलं. जंतांसाठी डॉक्टरांची गोळी स्वस्त आणि खात्रीची आहे. दातांवरही रोज घासू नका, वरचा थर झिजेल. आणि वर्षाच्या धान्यात मिसळायची असेल तर धान्यासाठी म्हणूनच विकली जाणारी, सांगितलेल्या प्रमाणातच. नाहीतर आपलं उन्हात वाळवणं, कडुलिंबाचा पाला आणि घट्ट झाकणाची कोठी बरी आहे.

झालं. यादीतले पंचवीस उपयोग मी मोजले. माझ्या हिशेबाने पंधरा खरे, पाच अर्धे आणि पाच सपशेल थापा. छापील यादी नोटीस बोर्डावर लावली आहे, पुढे टिकमार्क केले आहेत.

शेवटी कमिटीकडे तीन विनंत्या. येत्या सर्वसाधारण सभेत जमलं तर ठरावच करा. एक, कुठल्याही फ्लॅटमध्ये पेस्ट कंट्रोल असेल तर दोन दिवस आधी नोटीस बोर्डावर तारीख, फ्लॅट नंबर आणि वापरायच्या औषधाचं नाव लिहायचं. दोन, कसल्याही धुरी देणाऱ्या गोळ्या आपल्या इमारतीत येणार नाहीत. तीन, डक्टमध्ये उघडणाऱ्या पाइपांभोवतीच्या फटी येत्या रंगकामात बुजवून घ्यायच्या. तीच वाट झुरळांची आहे आणि तीच वायूचीही.

आणि सगळ्यांना एक विनंती. ढेकूण, झुरळं, वाळवी, काहीही झालं तरी लाजून गप्प राहू नका. शेजारी सांगा, कमिटीला सांगा. पंचवीस वर्षांपूर्वी आपण ताबा घेतला तेव्हा पाणी दिवसाआड होतं, लिफ्ट चालू नव्हती, आणि एकमेकांना सांगून-विचारूनच आपण दिवस काढले. मला विचारायचं असेल तर सी विंग, दुसरा मजला. आता बस पकडायची नसते. चहा घेत घेत पूर्ण उत्तर देईन.

बाटली परत आली का? आली. झाकण लावलेलं आहे, धन्यवाद. शिरा गार होतोय, मुलं माझ्याकडे रागाने बघतायत, म्हणून थांबतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.